त्यांच्यावाचून अडणार नाही

मी बॅग बोलतेय. साधी नव्हे, प्रवासी बॅग! दुकानदाराने तशी चिठ्ठीच माझ्या पोटावर चिकटवली होती. दोन चाकं, ओढायला दांडा आणि आत एक चोरकप्पा. तू जग बघणार, असं आम्हां बॅगांना कारखान्यातच पटवून दिलेलं असतं. मी जग बघितलं. टेबलाखालून बघितलं.

विद्यापीठाच्या फाटकासमोर ते दुकान होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक बाई आली. तिच्या बोटांवर खळ वाळून पापुद्रे धरले होते. चार बॅगा उघडून बघितल्यावर तिने माझी चेन पुढेमागे ओढली आणि विचारलं, "लांबच्या प्रवासाला टिकेल ना?"

"अहो ताई, तुम्ही थकाल, ही थकायची नाही," दुकानदार म्हणाला. त्यातलं निम्मं तरी खरं ठरलं.

ही बाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं दुरुस्त करायची. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे तिची खोली. वाचकांनी पानं दुमडायची, चहा सांडायचा, शिवण उसवायची, आणि हिने ती पुस्तकं शिवायची, चिकटवायची, वजनाखाली दाबून ठेवायची. सगळे तिला दुरुस्तीताई म्हणायचे, मीही ताईच म्हणते. तिची नोकरी मात्र दर वर्षी नव्याने करार होणारी. जुन्या कागदांच्या जतनाचं महिनाभराचं प्रशिक्षण केलं, तरच ती कायम होणार होती. ते प्रशिक्षण दूरच्या शहरात, आणि त्याची फी तिच्या आवाक्याबाहेर. पण कर्मचाऱ्यांनी पुढे शिकावं म्हणून विद्यापीठ अनुदान देत असे. ताईने त्यासाठी अर्ज केला, आणि अर्ज केल्याच्या आनंदात मला विकत घेतलं. बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.

घरी मात्र तिने मला नेलं नाही. ग्रंथालयाच्या शिपायाला सगळे मामा म्हणत. त्यांना ती म्हणाली, "मंजुरीचं पत्र हातात पडू दे मामा, मग नेते. आधीच नेली तर नणंद विचारेल, स्वारी कुठे निघाली? काय सांगू तिला?"

म्हणून मी तिच्या टेबलाखाली बसले. त्या वर्षी वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

अर्जासोबत ग्रंथपालांची शिफारस लागायची. ग्रंथपाल साहेब मनाने वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझा तोल जाणार आहे. त्यांनी शिफारशीत भरभरून लिहिलं, की यांच्यावाचून ग्रंथदुरुस्तीचं पान हलत नाही. समितीने ते वाचलं आणि शेरा मारला: असं असेल तर महिनाभर यांना सोडणार कसं? अर्ज नामंजूर.

"कौतुकानेच घात केला की हो," मामा म्हणाले.

ताई हसली. तेव्हा तिला अजून हसता येत होतं.

पुढच्या वर्षी अर्ज समितीपर्यंत पोचलाच नाही. तो शिक्षकांच्या गठ्ठ्यात घालायचा की शिक्षकेतरांच्या, यावर दोन टेबलांचं एकमत होईना. शिक्षक म्हणावं तर ताई वर्गावर जात नाही, शिक्षकेतर म्हणावं तर कायम नाही. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. माझ्यापेक्षा त्याचाच प्रवास जास्त झाला.

साहेबांचं मात्र त्याच अनुदानातून एका परिषदेला जायचं जमलं. ते कायम होते, आणि शिक्षकांत मोजले जायचे. निघायच्या आदल्या दिवशी ते खाली आले. "ताई, ती बॅग रिकामीच पडलीय ना? माझ्या बॅगेची चेन बिघडलीय हो."

रिकामी कुठली, माझ्यात उसवलेले पुठ्ठे आणि कापडाचे तुकडे ठेवलेले होते. ताईने ते टेबलावर काढले आणि मला पुसून त्यांच्या हाती दिलं. साहेबाला नाही कोण म्हणणार! तर अशी मी पहिल्यांदा आगगाडीत बसले, दुसऱ्याच्या शर्टांसोबत.

परिषदेचा विषय होता ग्रंथालय कर्मचाऱ्यांची कौशल्यवृद्धी. मी खोटं सांगत नाही, माझ्या अंगाला तशी पट्टीच बांधली होती. साहेबांनी सकाळी भाषण केलं, दुपारी हॉटेलच्या खोलीत झोप काढली आणि संध्याकाळी बाजारात गेले. येताना माझं एक चाक फुटपाथच्या कडेला आपटून मोडलं. परत आल्यावर परिषदेत फुकट मिळालेलं पेन त्यांनी ताईला दिलं, "तुमच्यासाठी खास!" म्हणून. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. चाकाचा विषय कोणीच काढला नाही. मामांनी तारेने ते बांधलं, तेव्हापासून मी जरा लंगडते.

त्यानंतरच्या वर्षी अर्जांची वेळ आली तेव्हा ताईने साहेबांना आपल्या खोलीतच गाठलं. ते एक फाटका नकाशा बघायला खाली आले होते.

"सर, या वेळी माझं कौतुक नको. एवढंच लिहा, की महिनाभर मी नसले तरी काम अडणार नाही."

"असं कसं लिहू? खोटं आहे ते."

"लिहा सर. त्यातच माझं भलं आहे. समितीला तेवढंच हवंय."

साहेबांनी तिच्याच टेबलावर बसून लिहिलं: 'त्यांच्यावाचून अडणार नाही.' तेही त्याच खास पेनने. 'महिनाभर' हा शब्द घालायचा राहिला. ताईने वाचलं, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची निसटलेली पानं हुडकणाऱ्या बाईला आपला निसटलेला एक शब्द दिसला नाही.

आणि अर्ज मंजूर झाला! समितीच्या कारकुनाने फोन करून सांगितलं, आता आस्थापना विभागाची सही झाली की पत्र येईल. माझ्या आयुष्यातले खरे सुखाचे दिवस तेच. ताई रोज घरून एकेक वस्तू आणून माझ्यात ठेवायची. नव्या साड्या, स्वेटर, कामाचा एप्रन, कागदाला घडी घालायची तिची गुळगुळीत पट्टी. चोरकप्प्यात मुलीचा फोटो. रोज संध्याकाळी चेन लावून ती मला हलकेच थोपटायची. मला वाटायचं, लंगडत का होईना, जाणार आपण.

पत्र आलं, पण एकटं आलं नाही. आस्थापना विभागाने शिफारस वाचली होती. यांच्यावाचून अडणार नसेल तर करार पुढे वाढवायचा कशाला, असं त्यांच्या डोक्यात आलं. करार संपला. आणि अनुदान फक्त सेवेत असलेल्यांना, त्यामुळे तेही रद्द. तेलही गेलं, तूपही गेलं.

साहेब धावत खाली आले. "ताई, मी तर तुम्ही सांगितलं तेच लिहिलं होतं!"

"हो सर," ती म्हणाली. "अक्षरही छान आलंय."

मामा चिडले. "जा ना वर, भांडा त्यांच्याशी!"

"काय सांगून भांडू मामा? अडतं म्हटलं तर सोडलं नाही, अडत नाही म्हटलं तर ठेवलं नाही. आता तिसरं काय म्हणायचं असतं, ते मला येत नाही."

असं म्हणून ती खाली बसली आणि तिने अर्धवट राहिलेल्या एका शब्दकोशाचा पुठ्ठा चिकटवला. वर वजन ठेवलं. मग हात धुतले.

शेवटच्या दिवशी तिला सामान भरावं लागलं नाही. मी भरलेलीच होते. बसमध्ये तिने मला मांडीवर घेतलं. एवढ्या वर्षांत ताईबरोबरचा माझा हा पहिला प्रवास. घराच्या दारात नणंद उभी होती. मंजुरीची बातमी तिच्या कानावर आली होती, तिला वाटलं, बाई परस्पर ऑफिसातूनच निघाली आणि निरोप घ्यायला वळली.

"अगं बाई, निघालीस? गाडी कितीची?"

"निघाले नाही वन्सं," ताई म्हणाली. "आले."

आता मी कपाटावर असते. ताई घरीच लोकांच्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालून देते. मध्यंतरी मामा येऊन गेले. म्हणाले, खालच्या खोलीत फाटक्या पुस्तकांचा ढीग छताकडे निघालाय, पण काम काही अडलेलं नाही. कसं अडेल? फाटकं पुस्तक मागायला येतं कोण?

परवा मुलीने कॉलेजच्या सहलीसाठी मला मागितलं. ताई म्हणाली, "ती नको, भरलेली आहे." मुलगी खाली मान घालून दुसरी बॅग शोधायला गेली.

शिफारशी लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या थोर मंडळींना मी काही सांगणार नाही. त्यांच्याशी बोलून माझी चेन झिजवायची नाही मला. मागणं आहे ते ताईकडे. ताई, एकदा मला खाली काढ आणि उघड. एप्रन घड्यांवरच विरायला लागलाय. साड्या तुझ्याच आहेत, त्या नेस. फोटो काढून भिंतीवर लाव. आणि मग मला मुलीच्या हाती दे. माझं चाक मोडकं आहे, हे तिला आधीच सांग. आपल्या घरातलं कोणीतरी जायला पाहिजे, ताई.