माझ्या अंगावरच्या पाच नद्या

मित्रांनो, मला पाहून कोणी हातात घ्यावे असे माझ्यात काही नाही. मी एक जुना मांजरपाट, साधे सुती कापड आहे. जाडाभरडा, पिवळट, एका कडेला चिखलाचा डाग पडलेला. पण माझ्या अंगावर पाच नद्या आहेत. त्या कशा आल्या, ते ऐका.

माझा जन्म लालबागच्या एका गिरणीत झाला. साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, लवू नावाचा तरुण कामाला होता. त्यानेच मला विणले आणि गिरणीच्या दुकानातून त्यानेच मला घरी नेले. त्याच्या बायकोने, लक्ष्मीने, माझ्या कडा दुमडून शिवल्या आणि मी चादर झालो. एका खोलीत तेव्हा सात माणसे झोपत. थंडीत माझ्यावरून ओढाओढ होई. माझे सुखाचे दिवस ते.

मग संप झाला. साचे थांबले ते थांबलेच. लवू गॅलरीत मला अंथरून बसून राही. त्याला लिहितावाचता येत नव्हते. शेजारच्या चाळीतला बाबुराव सूतखात्यात होता, सातवी शिकलेला. त्याच्या घरात पुस्तकाला फार मान. तो पाटी घेऊन लवूच्या समोर बसला.

"तुला जे ठाऊक आहे तेच लिहू. काय ठाऊक आहे तुला?"

लवूचे वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. त्याला कोकणातल्या नद्यांची नावे पाठ होती. म्हणून त्याने पहिला शब्द लिहिला तो 'अंबा'. मग सावित्री. 'वाशिष्ठी'ला चार दिवस लागले.

"ह्या नदीत लिवतानाच बुडतलंय रे बाबू!"

पुढे शास्त्री, आणि शेवटी कार्ली, लवूच्या नेरूरपार गावची. पाटी भरली तेव्हा बाबुराव म्हणाला, "एकदा ह्या सगळ्या नद्यांतून तुझ्या गावाला जाऊ. होडीने."

दोघे हसले. पण बोलणे मनात राहिले.

वर्षे गेली. मुले लांब गेली, लक्ष्मी वारली. लवूने मला धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवले. तिथे तेरा वर्षे होतो, मित्रांनो. कापडाला अंधार सोसतो, पण कोणाच्याच अंगावर नसणे सोसत नाही. बाहेर लवू एकटा जेवत असे. एका ताटाचा आवाज मला ऐकू येई.

दोन वर्षांपूर्वी ट्रंक उघडली.

"कागद पुरत नाय," लवू म्हणाला. "ह्याच्यावर नकाशा काढूया."

दोघांनी मला जमिनीवर पसरले आणि निळ्या शाईने माझ्यावर किनारा आणि त्या पाच नद्या काढल्या. बेत असा ठरला. रे रोडच्या बंदरावरून निघायचे, धरमतरच्या खाडीतून अंबा नदीने नागोठण्याला जायचे. तिथे होडी टेम्पोत चढवायची आणि महाडला सावित्रीत सोडायची. मग चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वराला शास्त्री, आणि शेवटी कार्ली. खुल्या समुद्रात जायचे नाही. होडी लवूच्या पुतण्याची, हितेंद्रची. तो रे रोडला बोटींची इंजिने दुरुस्त करतो.

"टेम्पोतून जाणारी होडी!" हितेंद्र म्हणाला. "काका, लोक वरात समजतील."

रोज संध्याकाळी बाबुराव येई. भरतीची वेळ तो तिथीवरून काढी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. प्रत्येक नदीपाशी तो बारीक अक्षरांत वेळा लिही. लवू पुन्हा दोन माणसांचा चहा करू लागला.

आधी एक फेरी ठाण्याच्या खाडीत मारून पाहायची ठरली. तिथे वाद झाला.

"अमावास्येला निघू," बाबुराव म्हणाला. "उधाण असतं. पाणी भरपूर."

"अमावास्येक घरातून कोण बाहेर पडता काय? माझा बापूस कधी नाय निघाला."

"पाणी काय पंचांग बघून येतं?"

"तुका नाय कळाचा. अष्टमीक जाऊया."

तांडेलाच्या मुलाला ठाऊक होते की अष्टमीला भांग असतो, भरती येते पण थोडी. ठाऊक असूनही त्याने अष्टमीच धरली. बाबुरावाने मित्रासाठी अष्टमीची वेळ लिहून घेतली.

हितेंद्रला घेऊन तिघे पहाटे निघाले. मला घडी करून सोबत घेतले होते. सहाच्या भरतीला होडी तिवरांमधल्या अरुंद फाट्यात शिरली आणि चिखलावर बसली. पाणी जेवढे चढायचे तेवढे चढून गेले होते. मग ते उतरू लागले. कमरेएवढ्या चिखलात पाय टाकायची सोय नव्हती. दिवसभर ऊन. लवू आणि हितेंद्रने मला चारही कोपऱ्यांनी ताणून बाबुरावाच्या डोक्यावर धरले. दुपारी बाबुराव बोलायचा थांबला. संध्याकाळच्या भरतीला होडी कशीबशी सुटली आणि त्याला तसेच रुग्णालयात नेले.

त्याची सून प्रिती बाहेरच्या बाकावर लवूला म्हणाली, "लवूकाका, बाबांचं हृदय किती चालतं ते माहीत होतं ना तुम्हाला? पंचाहत्तरी झाली तरी होड्या-होड्या खेळायच्या?"

घरी आल्यावर लवूने मला खिडकीखाली टाकले. चिखल वाळला. बाबुराव घरी परतला हे कळले, तरी शेजारच्या चाळीपर्यंत जायला लवूचे पाय उचलले नाहीत. महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून पडे. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. त्या महिन्यात त्याने मला एकदाही उचलले नाही.

मग एका सकाळी जिन्यात काठी वाजली. बाबुराव दारात उभा, धापा टाकत.

"मेलोय का मी, तोंड दाखवत नाहीस तो?"

"माझ्यामुळे झाला, बाबू."

"तुझ्यामुळेच झालं. परवा अमावास्या आहे. निघ."

"तुझ्याशिवाय नाय जावचंय."

"डॉक्टर मला पाण्यावर सोडणार नाही. आणि तू इथे पडून राहिलास तर माझे चार दिवसांचे 'वाशिष्ठी'चे कष्ट वाया. प्रत्येक मुक्कामावरून मला फोन करायचा. भरती मी सांगणार."

लवूने मला उचलून झटकले आणि बाबुरावाच्या खांद्यावर टाकले. "ह्या तुझ्याकडे ठेव. माका पाणी दिसतलाच. तुका खयसून दिसतला?"

अमावास्येला, सव्वाअकराच्या भरतीला, लवू आणि हितेंद्रला घेऊन होडी सुटली. निघण्याआधी लवूने तिला हात जोडले, डोळे मिटले आणि मग चढला. हे हितेंद्रने फोनवर कळवले आणि बाबुरावाने मला वाचून दाखवल्यासारखे सांगितले, कारण मी तेव्हा त्याच्या भिंतीवर चार खिळ्यांवर टांगलेला होतो.

आता रोज फोनची वाट. नागोठण्याहून आला, बाबुरावाने पेन्सिलीने खूण केली. महाडहून आला. चिपळूणहून लवू म्हणाला, "तुझी भरती इथे दीड तास उशिरा पोचता रे." बाबुरावाने खोडून नवी वेळ लिहिली आणि दिवसभर खूश राहिला. संगमेश्वरानंतर दोन दिवस फोन नाही. बाबुराव जेवला नाही. काठी टेकून माझ्यासमोर उभा राही आणि कार्लीवर बोट ठेवी. प्रिती आली, त्याच्याजवळ खुर्ची ठेवून गेली.

दशमीच्या संध्याकाळी फोन वाजला.

"पोचलंय, बाबू. नेरूरपार." मागे पाण्याचे आवाज. "घर पडला हा. ओळखीचा कोण उरूक नाय. नदी तेवढी तशीच हा."

बाबुरावाने पेन्सिल टेकवली. शेवटची खूण वाकडी आली.

"उद्या एकादशी," तो म्हणाला. "इथे भरती सव्वाआठला. तुझ्याकडे तास-दीड तास पुढे धर. परतीचं लिहून घेतोस का?"

पलीकडे कागदाची सळसळ.

"घेतंय. सावकाश सांग. माझा लिवणा हळू हा."

मित्रांनो, प्रवासाला जाणाऱ्याला निरोप द्यायला सगळे येतात. पण त्याच दिवशी कोणीतरी घरात मागे उरतो. तुम्ही दूर निघालात तर मागे राहणाऱ्याच्या हाती काहीतरी काम देऊन जा, आणि त्याला फोन करायला विसरू नका. आणि एखादे जुने कापड पुसायला घेण्याआधी ते एकदा पसरून पाहा.