मंगलाष्टकांसाठी माइक

"ये नक्को, भाई," कमलताईंनी हेडफोन काढून काउंटरवर ठेवले. "इस में तुम्हारी सुपारी भी सुनाई दे रई."

सिकंदराबादच्या त्या दुकानातला विक्रेता चघळायचा थांबला. मृण्मयीने कपाळावर हात मारला. घरच्या लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करायला काय काय लागतं, याचे व्हिडिओ पाहून पाहून तिने हा चकचकीत कंडेन्सर माइक पसंत केला होता. आत्याने त्याला उभ्या उभ्या नापास केलं.

"आत्या, सेन्सिटिव्ह आहे म्हणूनच तर बेस्ट आहे. तुझं बारीकसारीक सगळं पकडतो."

"माझं पकडू दे की. पण पंख्याचं, ऑटोचंही पकडतोय त्याचं काय? आपल्या तारनाक्याच्या घरी रेल्वेची शिट्टी ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. मंगलाष्टकात इंजिन नको बाई मला."

विक्रेत्याने दुसरा माइक काढला. काळा, जाळीच्या डोक्याचा, शाळेच्या गॅदरिंगला असतो तसला. "ये लो अम्मा. मुँह के पास का सुनता, बाकी लोगां का सुनताइच नै."

कमलताईंनी हेडफोन लावून एक ओळ गुणगुणली. रस्ता नाही, पंखा नाही, फक्त स्वतःचा आवाज. त्या खूश झाल्या. "हा माणूसघाणा आहे. हाच घे."

मग माइक लॅपटॉपला जोडायची डबी घेतली, कारण मधे ती असल्याशिवाय लॅपटॉपला आवाज पोचत नाही. हेडफोन कान पूर्ण झाकणारे घेतले, नाहीतर गाताना कानात वाजणारा तंबोरा बाहेर झिरपून माइकमध्ये शिरतो. स्पीकर मात्र कमलताईंनी घेऊ दिले नाहीत. "मला काय दुकान थाटायचंय?" म्हणाल्या.

मृण्मयीला त्यांची घाई ठाऊक होती. पुढच्या आठवड्यात कमलताईंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. डॉक्टर सरळ माणूस होते. बोलण्याचा आवाज येईल, म्हणाले, वरच्या सुरांची खात्री मी देत नाही. आणि मृण्मयीचं लग्न त्यानंतर होतं.

कमल देगलूरकर हे नाव विद्यापीठाच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात राहावं असं नव्हतं. सारी नोकरी फायलींना नंबर घालण्यात गेली. साहेब बदलले, टेबल बदललं नाही. पण शहरातल्या मराठी लग्नांत कमलताई आल्याशिवाय अंतरपाट धरला जात नसे. त्यांच्या आवाजाने मंडपाच्या टोकाला पत्ते कुटणारे पुरुषसुद्धा उठून उभे राहत. एवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती, आणि आता तीच जाते की काय, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. भाचीच्या लग्नात आपण मुक्याने उभं राहायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं. निदान आवाज तरी हजर असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात रेकॉर्डिंग झालं. खिडक्या बंद, पंखा बंद, भिंतींना रजया टांगलेल्या. कमलताईंच्या नवऱ्याला, यशवंतरावांना, कुकर लावायची बंदी होती. ते घामाघूम होऊन दाराशी उभे होते.

कमलताई खुर्चीत बसून गायल्या आणि त्यांनाच ते आवडलं नाही. सूर बरोबर होते, पण त्यांत लग्न नव्हतं.

"कुणासाठी म्हणू गं? समोर नुसती रजई."

 मृण्मयीने उपरण्याचं एक टोक कपाटाच्या मुठीला बांधलं, दुसरं यशवंतरावांच्या हातात दिलं आणि स्वतः हात जोडून त्यामागे उभी राहिली.

"घे. धरला अंतरपाट. आता म्हण."

"काकांनी हात खाली केला तर?" कमलताई हसत म्हणाल्या.

"काका हलणार नाहीत," यशवंतराव म्हणाले. आणि खरंच हलले नाहीत.

कमलताई उठून उभ्या राहिल्या. मृण्मयी आणि तिचा होणारा नवरा पराग यांची नावं गुंफून रचलेली मंगलाष्टकं त्यांनी एका दमात म्हटली. वरचा सूर लागला तेव्हा मृण्मयीच्या डोळ्यांना धार लागली होती. लॅपटॉप बंद करायचंही तिला सुचलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज आला, पण खाली बसलेला, जरासा घोगरा. डॉक्टरांनी गायला मनाई केली नव्हती. कमलताईंनीच स्वतःला केली होती.

लग्नाच्या दिवशी पेन ड्राइव्ह साउंडवाल्याकडे दिला. अंतरपाट धरला गेला आणि हॉलभर कमलताईंचा जुना, चढा आवाज पसरला. त्या स्टेजच्या कडेला उभ्या राहून तो ऐकत होत्या. शेवटचं कडवं संपलं. लोकांनी अक्षतांच्या मुठी वर केल्या.

"थांबा, थांबा!" गुरुजी घड्याळाकडे बघत ओरडले. "मुहूर्ताला अजून अवकाश आहे. म्हणा कुणीतरी पुढे."

हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी वर्षं गुरुजींच्या बोटाकडे बघून कमलताई कडवं लांबवत, नवं जोडत, मुहूर्त गाठून देत. पेन ड्राइव्हला गुरुजींचं बोट कसं दिसणार?

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, तेच पुन्हा लावा. अंतरपाटामागून मृण्मयीचा आवाज आला, "आत्या, तूच म्हण ना."

"माझा आवाज..." कमलताई म्हणाल्या.

"आहे तो म्हण!"

त्यांनी माइक हातात घेतला.  नेहमीच्या पट्टीच्या कितीतरी खाली, जमिनीलगत त्यांनी सूर धरला. पहिल्या ओळीत तो फाटला. दुसरीत त्यांनी वर चढायचा हट्टच सोडला, शब्दांना हळूहळू चालू दिलं, आणि सूर ठरला. हॉल शांत झाला. गुरुजींचं बोट हललं तशी त्यांनी एक ओळ लांबवली, आणखी एक जोडली, आणि बरोबर घटकेवर "सावधान" म्हटलं. वाजंत्री झडली, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा साउंडवाला वायरी गुंडाळत होता. त्याने पेन ड्राइव्ह परत केला.

"अम्मा, इस में था सो आवाज किनका था? मस्त था."

"मेराइच."

"और बाद में गाए सो?"

कमलताईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

"वो बी मेराइच."