समुद्राच्या तोंडचा घास

राग्नाने लाटेतल्या पोराचे केस मुठीत धरले आणि तिच्या धाकट्या भावाने, कोलने, त्याची बंडी. दोघांनी मिळून त्याला ओढत वाळूवर आणलं. पोर खोकलं, पाणी ओकलं. जिवंत होतं.

"आता आई बघेल," कोल म्हणाला.

थोरला भाऊ एरलेंड बुडाला तेव्हापासून त्यांची आई, योरुन, दारात बसून समुद्राकडे डोळे लावून असायची. या दोघांनी तिला काय काय नेऊन दिलं! शिंपले, देवमाशाचा दात, एकदा तर सीलचं जिवंत पिल्लू. ती नुसतं "हं" म्हणायची आणि पुन्हा डोळे पाण्याकडे. पोटच्या पोरांना इतकं परकं कुणी करतं का? पण ती करायची.

मासे वाळत घालणारी म्हातारी ग्रोआ धुक्यातून आली आणि पोराला बघून थबकली. बेटावर बुडत्याला कुणी हात देत नसे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मेल्यांनो, समुद्राच्या तोंडचा घास काढलात. आता तो तुमच्याच घरातला एक मागेल. भरती लागायच्या आत टाका याला परत."

राग्नाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पोराला घरी नेलं. त्याला पाहून आई उठली. चक्क उठली! त्याला मांडीवर घेतलं, एरलेंडचा सदरा घातला, आणि "आलास रे," म्हणत कुरवाळत बसली. चुलीपाशी बसूनही पोराच्या केसांतून पाणी गळायचं थांबेना.

"योरुन, भरती लागली," ग्रोआ दाराबाहेरूनच म्हणाली.

आईचे हात क्षणभर थांबले. मग तिने राग्नाला जवळ बोलावलं. तिचे केस विंचरले, हळूहळू, गुंता सोडवत. स्वतःची निळी शाल तिच्या खांद्यावर टाकली. कोल तोंड पाडून बघत राहिला.

"खालच्या खडकापाशी जाऊन उभी राहा. माझी गुणाची पोर ती."

कोल म्हणाला, मीही येतो.

"तुला नाही, मला सांगितलंय," राग्ना तोऱ्यात म्हणाली. ग्रोआचं बोलणं तिच्या कानात होतंच. शाल घट्ट लपेटून ती निघाली.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा तिने वळून पाहिलं. आई दारात उभी होती. समुद्राकडे नाही, तिच्याकडे बघत होती.

राग्नाने हात हलवला. मग आईला नीट दिसावं म्हणून ती खडकाआडून बाहेर आली, पाण्यात आणखी थोडी आत.