सुट्टीत गुरुजींनी काय वाचावं

ज्या वैशाखात माझ्या धाकट्याचं, अक्षयचं, लग्न झालं आणि घरात नवी सून आली, तो दोन हजार सहाचा उन्हाळा. कापसाला भाव नव्हता म्हणून आम्ही बँड सांगितला नाही, वरात डफड्यावर काढली. व्याही त्यावरून अजून टोमणे मारतात.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी शाळेत हजर. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवत असे. त्या वर्षी टंचाई जाहीर झाली होती, म्हणून सुट्टीतही पोरांना खिचडी द्यायची होती. रोज एका शिक्षकाची पाळी लागायची.

मला अक्षरं आली चौपन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. माझ्या शेजारी बंजारा तांड्यावरची सुखीबाई बसायची. ती अर्ध्या बाराखडीतून उठली. "मले सही आली, आता कायले डोळे फोडू," म्हणाली. मी बसून राहिले. पण वाचायला घरी काय होतं? लग्नाच्या पत्रिका, खताच्या पिशव्या, एसटीची पाटी. खरा सराव झाला तो शाळेच्या चुलीपाशी. परीक्षा संपली की पोरांच्या तपासलेल्या वह्या खिचडीच्या शेडमध्ये यायच्या, चूल पेटवायला. वर्षानुवर्षांचा तो रिवाज. मी पान फाडायचे, बोट ठेवून दोन-चार ओळी वाचायचे आणि मग चुलीत सारायचे.

त्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापक चारुदत्त सरांनी एक नवीन गोष्ट काढली. सर यवतमाळचे, आजोबांपासून कचेरीत नोकरी असलेल्या घरातले, पुस्तकांचे भारी शौकीन. त्यांनी ऑफिसच्या दारावर यादी चिकटवली: 'सुट्टीत शिक्षकांनी काय वाचावे.' मुलांच्या मनाबद्दलचं एक पुस्तक, विज्ञानाच्या गमतींचं एक, कुठल्या तरी दूरच्या शाळेची हकिगत, अशी अकरा नावं. प्रत्येकाने दोन वाचायची आणि जूनमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं. खाली लिहिलं होतं, 'आणखी पुस्तके सुचवावीत.'

मी बोट ठेवून ती यादी वाचत होते, तेवढ्यात सर बाहेर आले.

"काय तानाबाई, तुम्ही काय सुचवता आम्हाला?"

माझ्यासोबत खिचडी करणारी विमलताई फिसकन हसली. "सर, थे मिठाच्या पुडीवरचं सुचवनार. थेच पुरं वाचलं तिनं."

सगळे हसले. मीही हसले. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. अख्खं पुस्तक मी एकही वाचलेलं नव्हतं. डाळ निवडताना, पाणी भरताना एकच घोर, मी काय सुचवू? सून म्हणायची, "आत्याबाई, तुमचं ध्यान कुठं हाये? भाजीत दोनदा मीठ पडलं."

मेच्या मध्यावर केतकी मॅडमची पाळी होती. नवीन नोकरी, वय पंचविशीच्या आतलं, जीव लावून शिकवणारी पोरगी. ती व्हरांड्यात यादीतलं पुस्तक घेऊन बसली होती, पेन्सिलीने खुणा करत. मी शेडमध्ये पाचवीच्या निबंधाच्या वहीचं पान फाडलं. वरती 'माझी आजी' लिहिलेलं. नाव निकिता भावसिंग. सुखीची नात! म्हणून मी पुरं वाचायचं ठरवलं.

'माझ्या आजीचे नाव सुखीबाई आहे. आजी मला गाणी सांगते. दिवाळीपासून आजीचे हात थरथर करतात. तिच्या तोंडाला पाणी सुटते व तिला कमी दिसते. आजी रोज शेतात पाण्याचा निळा डबा नेते. तो कपाशीच्या औषधाचा होता. बाबांनी माती लावून धुतला. पाण्याला वास येतो पण थंड राहते. आम्हाला त्यातले पाणी देत नाही, म्हणते माझे मला राहू द्या. मला माझी आजी फार आवडते.'

खाली लाल बरोबरची खूण. 'छान. अक्षर सुधार.'

मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, मीच चुकून राह्यले, मला अजून नीट येत नसेल. तिसऱ्यांदा वाचलं. तेच होतं. विमलताई ओरडली, "अवो, चूल पेटव ना, पोरं येतील आता."

मी तशीच पान घेऊन व्हरांड्यात गेले.

"मॅडम, हे वाचा."

तिने वर पाहिलं. "तपासलंय की ते. ही काय माझी टिक."

"टिक हाये. वाचलं का?"

तिला राग आला. तो दिसला मला. मग तिने पान घेतलं आणि वाचता वाचता तिचं तोंड उतरत गेलं. "शाळेची तपासणी होती हो," ती हळूच म्हणाली. "तीन दिवसांत सगळ्या वह्या लाल करून ठेवा म्हणाले होते. मी शुद्धलेखन पाहिलं फक्त."

चार वर्षं मी पण चार-चार ओळी वाचूनच जाळत होते.

पोरांची पंगत उठेपर्यंत माझा पाय एका जागी ठरेना. भांडी विमलताईवर टाकली आणि मॅडमच्या स्कुटीवर मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा. ऊन इतकं की डांबर चिकटत होतं. "धरून बसा तानाबाई," ती म्हणत होती, आणि मी म्हणत होते, "मले राहू द्या, तुम्ही जोरात हाना."

तांड्यावर सुखी लिंबाखाली बाजेवर पडली होती. शेजारी तिवईवर तो निळा डबा, वर पेला पालथा.

"अगंगं, गाडीवर आली पाह्य म्हातारी," ती म्हणाली. "लेकाच्या वरातीत तुले गाडी नाय भेटली, आता भेटली काय व?"

तिचे हात खरंच थरथरत होते. मी महिन्याभरापूर्वी बाजारात भेटले तेव्हा दिसलं नव्हतं, की मी पाहिलंच नव्हतं, देव जाणे.

केतकीने डबा फिरवला. अर्धं लेबल निघालं होतं. जे राहिलं होतं त्यावर लाल तिकोन आणि कवटी. तिने तो सरळ उचलला आणि उकिरड्यावर पालथा केला. एवढ्यात सुखीचा पोरगा भावसिंग घरातून धावत आला.

"ओ मॅडम! दीड कोसावरून आनलं थे पानी! काहून फेकून राह्यल्या?"

"हा विषाचा डबा आहे."

"धुतला ना. साऱ्या गावात हेच डबे हायेत. तानाबाईच्या घरी जाऊन पाहा."

माझी मान खाली गेली. होता. माझ्या घरी लग्नाच्या पंगतीत ताक त्यातून वाढलं होतं.

"माह्या घरचाही आज फुटनार," मी म्हणाले. "तू याडीले दवाखान्यात चाल."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. भावसिंग घुटमळला. पेरणीच्या आधी नांगरटी राहिली होती, ट्रॅक्टरचा नंबर दुसऱ्या दिवशी होता. "उनाचं होते तिले," म्हणाला. सुखीही म्हणाली, "मले काय झालं? म्हातारपन हाये." तेव्हा निकिता दारातून पुढे आली, दहा वर्षांची पोर, आणि केतकीच्या हातातल्या पानाकडे पाहून म्हणाली, "मॅडम, मी हे मार्चमध्येच लिवलं होतं."

भावसिंग चप्पल घालून शेजाऱ्याची जीप आणायला गेला.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, हे कधीपासून? भावसिंग म्हणाला, आठ दिवस झाले. सुखी म्हणाली, काही नाही झालं. मी मॅडमकडून घेतलेलं पान पुढे केलं. डॉक्टरने ते उभ्या उभ्या वाचलं, 'दिवाळीपासून' खाली निळी रेघ मारली आणि पान कागदपत्रांत टाचून ठेवलं. सुखीला भरती केलं. मी पाच दिवस तिथेच होते. ती खाटेवरून मला चिडवायची, "वाचून दाखव ना व मास्तरीन, त्या भितीवर काय लिवलं?" आणि मी 'शांतता राखा' वाचलं की म्हणायची, "मंग राख ना!"

तिला बरं वाटलं. घरी आणलं. मी माझ्या घरचा डबा दगडाने ठेचला, सून दारात उभी राहून पाहत होती. पण जीव थाऱ्यावर येईना. शेडमधल्या उरलेल्या वह्या मी घरी आणल्या होत्या आणि दिवसभर वाचत बसायचे. बैल, पोळा, माझा मित्र. बाकी काही निघालं नाही. निघत नव्हतं म्हणूनही भीती वाटायची, कारण जे जाळलं ते तर गेलंच होतं.

सव्वीस जूनला शाळा भरली. शिक्षक आपापल्या पुस्तकांबद्दल बोलले. केतकी उठली आणि पुस्तकाऐवजी निकिताचा निबंध तोंडपाठ म्हटला, खालच्या शेऱ्यासकट. चारुदत्त सर उठून दारापाशी गेले. मग त्यांनी यादी काढून बाराव्या ओळीवर लिहिलं, 'आपल्या वर्गाच्या वह्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत.' एक गुरुजी म्हणाले, "साडेतीनशे वह्या होतात सर. कोण वाचणार?" सर म्हणाले, "मला माहीत नाही." चूल पेटवायला त्या दिवसापासून पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या, वापरायच्या ठरल्या.

सुखीला ते सांगायला मी दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. तिचे हात पुन्हा थरथरत होते आणि आता धापही लागत होती. भावसिंगने तिला परत यवतमाळला नेलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या महिन्यांत विष अंगात भिनलं होतं, उशीर झाला होता, आधी आणायला हवं होतं.

सुखीबाई, भावसिंगची आई, दोन हजार सहाच्या जुलैच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, दवाखान्यात वारली.