दोन-चारची बांगडी वाढली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी बांगडी आहे. पण मला कुणी घालून मिरवत नाही. बोरीवली पूर्वेला सुंदराबाईंचं बांगड्यांचं छोटंसं दुकान आहे, तिथे मी खिळ्याला लटकते. मी मापाची बांगडी. आधी मला हातात घालून बघायचं आणि मग त्या मापाच्या काचेच्या बांगड्या मागायच्या. माझं माप दोन-चार, म्हणजे अगदी लहान. माझ्या शेजारी दोन-सहा, दोन-आठ आणि शेवटी दोन-दहा. तिला मी गोणीचं तोंड म्हणायचे. हो, आता लाज वाटते.

सुंदराबाईंच्या सासूबाईंनी मला घडवून घेतलं. तेव्हापासून ज्या हातात मी सर्रकन जाई, त्या हाताला बायका म्हणत, "किती नाजूक गं!" मला वाटायचं, ते कौतुक माझंच. जिच्या हातात मी जात नसे ती हिरमुसली, की मला गंमत वाटायची. आपल्याकडे मापं काढणं म्हणजे टर उडवणंही ना? मी दोन्ही प्रकारची मापं काढत होते.

मागच्या डिसेंबरात एका शनिवारी तेजल आली. नववीतली, कबड्डी खेळणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची फायनल होती आणि पुढच्या आठवड्यात मावसबहिणीचं लग्न. म्हणून अनुपमामावशी तिला बांगड्या भरायला घेऊन आली होती. सुंदराबाईंनी हात बघूनच दोन-दहा काढली. मावशीचा चेहरा पडला.

"दोन-दहा? लोक काय म्हणतील? मुलीचा हात आहे की फावडं?"

"मावशी, याच फावड्याने सेमीला तिघींना ओढून आणलं," तेजल हसून म्हणाली. पण हात तिने खिशात घातला. ते मी पाहिलं.

सुंदराबाई खोका काढायला वळल्या, तेवढ्यात मावशीने मला खिळ्यावरून काढलं, तेजलच्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि मला रेटलं. तेजलने दात आवळले. ती नको म्हणाली नाही, कारण तिलाही एकदा नाजूक व्हायचं होतं. आणि मी? मनगटापर्यंत पोचले म्हणून चक्क खूश झाले.

मग हात सुजला. साबण झाला, तेल झालं, मी निघेना. धातूची बांगडी घालून मैदानात उतरू देत नाहीत. तेजल रडली नाही, नुसती म्हणाली, "माझी मॅच गेली." माझ्याखाली तिची नाडी उडत होती. वाटलं, कुठे तोंड लपवू? पण मला तोंडच नाही, नुसतं भोक.

सुंदराबाईंनी शेजारच्या दुकानातून कानस आणली. तेजल दचकली. "काकू, तुमच्या सासूबाईंची आहे ना ती? कापू नका."

"बांगडीला कापली, तुटली म्हणू नये पोरी. वाढवली म्हणायचं."

त्यांनी माझ्या आत पदराची घडी सारली, कडेला स्वतःचा अंगठा धरला आणि मला घासत राहिल्या. कानस घसरली की अंगठा सोलवटे. तेजलला ओरखडासुद्धा आला नाही. सुंदराबाईंचे हातही दोन-दहाचेच, खरखरीत. चाळीस वर्षं मी त्यांच्यासमोर लटकत होते, आणि नाजूक हात कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी तेजल आली. "दोन गुणांनी हरलो," ती म्हणाली, "पण मी चौघींना बाद केलं." दोन्ही कोपरं खरचटलेली. दुकानात पाच-सहा बायका होत्या. त्यांच्यादेखत तिने मोठ्याने मागितलं, "काकू, दोन-दहा द्या. हिरव्या."

मी अजून त्याच खिळ्याला आहे, मधे फट पडलेली. माप म्हणून आता माझा उपयोग नाही. मित्रांनो, कुणाचाही हात धरा, ओढा, टाळी द्या, पण तो माझ्यासारखीत कोंबू नका.

परवा एका चिमुरडीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही तुटली का हो?"

सुंदराबाई म्हणाल्या, "नाही गं. वाढली."