बिनबटणाचा मिक्सर

टक्! ताईंनी माझं झाकण दाबलं आणि मी घरघरलो. त्यांनी हात उचलला, मी थांबलो. मित्रांनो, मला येतं ते एवढंच. मी एक मिक्सर आहे, आता जुना झालेला आणि जन्मापासून बिनबटणाचा.

माझा जन्म याच घराच्या मागच्या खोलीत झाला. मला ताईंनी घडवलं, त्यांच्या आईसाठी. या आजींचे हात थरथरायचे. बाजारातल्या मिक्सरची बटणं बघून त्या वैतागायच्या, "अगं, टोमॅटो वाटायचेत मला, परीक्षेला नाही बसायचं!" म्हणून ताई एकेक बटण काढत गेल्या. शेवटी उरलं झाकण. दाबलं की फिरतो, सोडलं की थांबतो. आजींनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाटलं, तेव्हा त्या किती वेळ नुसतं झाकण दाबत बसल्या होत्या!

माझ्या पाठीवर पुष्कळ भावंडं झाली. ती घरोघरी गेली, सगळ्यांची लाडकी झाली. पण ती कधी बिघडलीच नाहीत.

एक दिवस आम्हाला विकणारा दुकानदार आला. "ताई, राग मानू नका. तुमच्या मिक्सरपायी माझा दुरुस्तीवाला दिवसभर माशा मारतो. गिऱ्हाईक एकदा नेतं ते पुन्हा तोंड दाखवत नाही. आठ-दहा बटणं लावा की! चार नुसती शोभेला."

ताईंनी लावून पाहिली. तो नमुना आजींपुढे ठेवला. त्यांचा हात बटणांवर घुटमळला आणि मांडीवर परत गेला. "तूच करून दे गं," त्या हळूच म्हणाल्या. ताईंनी तो नमुना त्याच दुपारी मोडून टाकला.

मग दुकानदाराने माल घेणं थांबवलं. त्याचं बघून बाकीच्यांनीही. ताईंचं काम बंद पडलं, आणि आज मागच्या खोलीतली आम्हाला घडवणारी यंत्रं विकत घेणारी माणसं उचलून नेत आहेत.

मित्रांनो, आम्ही वस्तू आत्मकथेच्या शेवटी सांगतो, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने सांगू? मला जपावंच लागत नाही, तेच तर नडलं. जमलं तर मला घडवणाऱ्यांना जपा. आमच्या ताईंसाठी मात्र आता उशीर झाला.

शेवटचं यंत्र दाराबाहेर गेलं. ताईंची लेक त्या मोकळ्या फरशीवर जाऊन उभी राहिली.

"आई, आपण वाईट मिक्सर केला असता, तर ही खोली राहिली असती का गं?"