चित्र काळं, आवाज चालू

लेक दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलेना, आणि आईच्या जिवाला घोर. दवाखान्यात तर पोरगी मिठाची गुळणी धरून बसायची. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी काय आवाज काढते त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा. तो बघून पुढचं ठरवू."

तो 'पुढचं' शब्द आईने घरी येईपर्यंत दहादा मनात घोळवला.

व्हिडिओ दाखवायला आठवड्याने संध्याकाळी पाचची वेळ मिळाली. त्या दुपारी तिने आठवडाभरात मोबाइलवर काढलेले एकेचाळीस व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर घेतले, काटछाट करायला एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि बघते तर काय, पडदा काळाकुट्ट! आवाज तेवढा चालू.

"फाइलच्या नावाचं शेपूट बदल," नवरा म्हणाला. "एमओव्हीचं एमपीफोर कर."

केलं. पडदा काळाच.

मग तिने भावाला फोन लावला. तो लग्नाचे व्हिडिओ जोडण्यात मुरलेला.

"ताई, साखरेच्या डब्यावर मीठ लिहिलंस म्हणून साखर खारट होते का? आत चित्र कुठल्या कोडेकने, म्हणजे कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते बघ. तुझा नवा मोबाइल भरतो एच २६५ मध्ये. तुझं सॉफ्टवेअर आजोबांच्या वयाचं, त्याला जुनं २६४च कळतं. कन्व्हर्टर पाठवतो, त्यातून सगळे बदलून घे. आणि दाजींना सांग, शेपटीला हात लावू नका."

कन्व्हर्टर गोगलगाईच्या चालीने निघाला. तोवर ती काळ्या पडद्यासमोर बसून नुसतं ऐकू लागली. इतके दिवस तिचं सगळं लक्ष लेकीच्या ओठांवर असायचं. आज बघायला काहीच नव्हतं.

"म्हण, पाणी. पा-णी! म्हण ना! बरं, चेंडू म्हण. चें-डू! म्हण ना गं!"

पहिल्या व्हिडिओत तिचा स्वतःचाच हा धोशा, दहाव्यात हेच, तिसाव्यातही. मध्येच "पॅ..." असा बारीक आवाज निघायचा की लगेच, "हां हां, म्हण, म्हण ना!"

"ही बाई श्वास कधी घेते?" नवऱ्याने विचारलं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट चहा टाकायला गेला.

एकेचाळिसावा व्हिडिओ चुकून चालू राहिलेला. दाराची बेल वाजली म्हणून ती मोबाइल तसाच टेकवून उठली होती. त्यात काय असणार, म्हणून कधी पाहिलाही नव्हता. बराच वेळ शांतता. मग काळोखातून इवलासा, पण चांगलाच दरडावणारा आवाज आला, "म्हण ना! म्हण ना गं!"

ती ताडकन उठली. तोच व्हिडिओ आधी बदलायला लावला. चित्र आलं. लेक भुवया चढवून बाहुलीच्या तोंडाशी चमचा धरून बसली होती. बाहुली मात्र ढिम्म.

बाकीचे चाळीस तिने बाजूला टाकले. डॉक्टरीणबाईंना हा एकच दाखवायचा.

तेवढ्यात लेक चेंडू घेऊन आली आणि वर बघत म्हणाली, "चॅ..."

आईने तोंड उघडलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

घर चिडीचूप झालं. स्वयंपाकघरातून नवऱ्याने घाबरून विचारलं, "काय गं, आता आवाजपण गेला का?"

ती लेकीपुढे मांडी घालून बसली आणि पुढच्या अक्षराची वाट बघू लागली.